अंबरनाथाच्या अंगणात एक प्रातःकाल

मोहन्याहून अंबरनाथ काही फार दूर नव्हे. आंबिवलीस गाडीत बसावे, कल्याणास कर्जतकडील गाडी धरावी, आणि स्थानकापासून पुढे पायी चालावे. महाशिवरात्रीची जत्रा उलगडल्यावर तेथील कचरा उचलावयास गावातील तरुण मंडळी निघाली, तेव्हा आम्हीही त्यांच्यात सामील झालो. झाडू मारण्यापेक्षा शिलालेख पाहण्याचीच हौस आम्हांस अधिक होती, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

देवालय शिलाहार राजा मम्वाणीच्या काळचे. गाभारा अंगणाहून खोल. पायऱ्या उतरून शिवलिंगाजवळ जावे, तो वर शिखराच्या जागी मोकळे आकाश! भिंतींवर मूर्तींची दाटी एवढी की कोरा दगड शोधावा लागतो. लेख उत्तरेकडील द्वाराच्या तुळईवर आहे. डॉ. भाऊ दाजींनी त्यातील शक ७८२ वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचे दाखविले. एका अंकाच्या वाचनाने दोनशे वर्षांचे अंतर पडले!

अंगणात मात्र सुकलेला बेल, दुधाच्या पिशव्या, कागदी पेले आणि प्लास्टिकमध्ये गाठ मारून ठेवलेले निर्माल्य पसरले होते. वालधुनीच्या काठी तर पाहवेना. २०१८ सालच्या प्लास्टिकबंदीची वार्ता तेथवर पोहोचलीच नसावी. मुलांनी बेल निराळा काढला, पिशव्या निराळ्या. पोती भरत गेली.

एका मूर्तीवर कोणा भाविकाने तेलशेंदूर फासला होता. मंडळींची नजर चुकवून आम्ही पिशवीतून चिंचेचा गोळा काढला. देव्हाऱ्यातील पितळेस जे चालते ते येथे का न चालावे, असा आमचा तर्क! पहिला हात फिरवितो तोच एका मुलाने मनगट धरले.

“गुरुजी, दगडाला हात नाही लावायचा. आपण फक्त कचरा उचलायचा. घासताना कोरीव रेघ झिजली तर ती परत कोण आणणार? ते काम पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांचे.”

पस्तीस वर्षे मुलांचे कान धरले. त्या दिवशी आमचे मनगट धरले गेले. प्रथम रागच आला, खोटे का सांगावे? मग तुळईवरील तो नऊचा अंक आठवला, आणि आम्ही निमूटपणे पोत्याचे एक टोक उचलले.

चिंच तशीच घरी परत आली. दुसऱ्या दिवशी ती आमटीत पडली.