गुडघ्याची गोळी

कराडकडच्या आमच्या भागात ऊसतोड सुरू झाली की मेडिकलच्या काउंटरवर दुखण्याचीच गर्दी. ‘ताई, ती गुडघ्याची गोळी द्या,’ म्हणजे डायक्लोफेनॅक. कायद्यानं चिठ्ठी लागते. मागितली की गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं. एक आजी बीपीच्या गोळ्यांबरोबर ती रोज दोनदा घ्यायच्या. पाय सुजलेले दिसले, म्हणून नडगीवर बोट दाबून पाहिलं. खळगा पडला तो भरेचना. म्हटलं, ‘आजी, ही बंद करा. डॉक्टरांना दाखवा, किडनी तपासून घ्या. तोवर पॅरासिटामॉल.’ ‘ती तापाची गोळी! तिनं काय हुतंय?’ म्हणत त्या फणकाऱ्यानं उठल्या.

डायक्लोफेनॅकला कुणी घाबरत नाही. ट्रॅमाडॉल या अफूवर्गीय वेदनाशामकाची चिठ्ठी आली की मात्र आम्हा केमिस्टांतले बरेच जण ‘स्टॉक नाही’ म्हणून मोकळे होतात. एच-वन रजिस्टरात पेशंट, डॉक्टर, गोळ्यांची संख्या लिहायची, ते तीन वर्षं जपायचं. त्यात २०१८ पासून हे औषध एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेलं. मॉर्फिन तर आम्ही कॉलेजात शिकलो ते व्यसन आणि विषबाधा यांच्याच संदर्भात.

तोंडाच्या कॅन्सरच्या एका पेशंटचा मुलगा बद्धकोष्ठावर औषध मागायला आला, तेव्हा मी त्याची फाइल बघितली. मुंबईहून मॉर्फिन सुरू केलेलं, दर चार तासांनी एक गोळी. हा देत होता कळ असह्य झाली की, तेही निम्मी तोडून. ‘सवय लागंल म्हणत्यात.’ फाइलवरच्या नंबरावर डॉक्टरांशी बोलले, मग त्याच्या मोबाइलमध्ये गजर लावून दिले. कळ उठायची वाट बघायची नाही, आणि मॉर्फिन चालू आहे तोवर पोट साफ होण्याचं औषधही चालूच. दोन-तीन दिवसांनी सांगायला आला, ‘आण्णा रात्री झोपले. सकाळी पेज मागितली.’

एनडीपीएसच्या २०१४ मधल्या दुरुस्तीनं परवान्यांचा गुंता बराच सुटला. मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवता येतं. तरी या मुलाला गोळ्या संपल्या की मुंबईची एसटी धरावी लागे. तालुक्यात एका तरी ठिकाणी सोय व्हावी, त्यासाठी आपण पाठपुरावा करू, असं मी केमिस्टांच्या बैठकीत सुचवलं. पहिलाच प्रश्न आला, ‘मॅडम, उद्या पोलीस आले तर?’

त्याआधीचा अर्धा तास डायक्लोफेनॅकवर कुठली कंपनी किती स्कीम देते, यावर गेला होता.