उष्णतेचं गिऱ्हाईक

मी थंडाव्याच्या धंद्यातला माणूस, पण आमची यंत्रं थंडी तयार करत नाहीत. आतली उष्णता उपसून बाहेर टाकतात. सुपरमार्केटच्या मागच्या बोळात गेलात तर कंडेन्सरची झळ तोंडावर येते. एक युनिट वीज घेऊन काँप्रेसरने आतली अडीच युनिट उष्णता काढली, तर बाहेर साडेतीन पडते. खाल्लेली वीजही शेवटी उष्णताच होते.

ती पकडणं अवघड नाही. काँप्रेसरमधून निघणारा गॅस बहुधा ७०-८० अंशांचा असतो. कंडेन्सरआधी तो डीसुपरहीटरमधून, म्हणजे गॅसची उष्णता पाण्याला देणाऱ्या नळ्यांतून, फिरवला की पाणी ५०-६० अंशांपर्यंत तापतं. मात्र हा कडक हिस्सा थोडाच. बाकीची उष्णता कोमट. जास्त कढत पाण्याच्या हव्यासाने हेड प्रेशर, म्हणजे कंडेन्सरमधलं प्रेशर, चढवलं, तर कंडेन्सिंग तापमानाच्या दर अंशामागे वीज दोन-तीन टक्क्यांनी वाढते.

खरी अडचण गिऱ्हाइकाची. युरोपच्या हिवाळ्यात हीच उष्णता दुकान उबदार ठेवते. कावेरीकाठी ती कुणाला हवी?

तिथल्याच स्वामीमलै गावात, मूर्तींच्या ओतशाळेत मला यावर विचार सुचला. मधमाशांचं मेण आणि राळ यांची मूर्ती घडवून तिच्यावर कावेरीच्या गाळमातीचे थर देतात. वाळलेला साचा गोवऱ्यांच्या आगीत गेला की मेण वितळून बाहेर येतं. ते पुन्हा वापरतात. त्याच आगीत माती भाजते, साचाही तापतो. तो गार असता तर त्यात ओतलेला पंचलोहाचा रस मूर्तीच्या बोटांपर्यंत पोचण्याआधीच थिजला असता. मूर्ती घडवणाऱ्या स्थपतींनी त्यासाठी वेगळं यंत्र बसवलेलं नाही. कामंच अशी लावली आहेत की एका आगीची तिन्ही गिऱ्हाइकं त्याच वेळी हजर असतात.

शेजारचं कुंभकोणम ताज्या दुधातल्या डिग्री कॉफीचं, म्हणजे दुधाचं गाव. धारोष्ण दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणताना हजार लिटरमागे सुमारे ३५ युनिट उष्णता निघते. दूध रवाना झालं की टाक्या आणि कॅन धुवायला गरम पाणी लागतंच. मधले काही तास निभवायला इन्शुलेशनची टाकी पुरते. सुपरमार्केटला असा सोबती म्हणजे शेजारची खाणावळ.

म्हणून आता मी काँप्रेसरची पाटी वाचण्याआधी विचारतो, गरम पाणी कोणाला आणि किती वाजता लागतं? उत्तर नसेल तर डीसुपरहीटर सुचवत नाही. कंडेन्सरची जाळी साफ ठेवा, त्याला सावली आणि मोकळी हवा द्या, एवढंच सांगतो. बिल तेवढ्यानेही उतरतं.