न पाहिलेल्या पाण्याचा तळ

2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली आणि अख्खं यवतमाळ टँकरच्या मागे लागलं. त्या दिवसांत मी निळोण्याच्या उघड्या पडलेल्या तळातून चालत गेलो होतो. लहानपणापासून जे पाणी काठावरूनच पाहिलं, त्याचं पोट पहिल्यांदा दिसत होतं. भेगाळल्या गाळात जुन्या नाल्याचं वळण जसंच्या तसं होतं. वळणाच्या कडेला बाभळीची बुडं आणि मधोमध एक सखल खळगा, त्यात अजून ओल. आम्ही पोरं ज्या एका दगडावरून गळ टाकायचो, त्याच्या बरोबर समोर तो खळगा होता. मरळ तिथंच का लागायची, ते त्या दिवशी कळलं. शहर तहानेनं व्याकूळ असताना असं काही कळावं याचं वाईटही वाटलं, पण कळलं ते कायमचं.

आता झाडीपट्टीतल्या एका तळ्यावर मरळीसाठी जायचं ठरतं आहे. त्याचा तळ मी पाहिलेला नाही, काठही पाहिलेला नाही.

नैसर्गिक तळं म्हटलं की आपल्याकडे बोट लोणारकडेच जातं. पण उल्केच्या आघातानं झालेल्या त्या विवरातलं पाणी इतकं खारं आणि क्षारयुक्त, की त्यात मासा जगत नाही. आमचा यवतमाळ जिल्हा बराचसा बसाल्टवर बसलेला, वर काळी माती. इथं विहिरी, नाले, अलीकडची धरणं. जुनी तळी फारशी नाहीत. तळ्यांचा मुलूख म्हणजे ही झाडीपट्टी: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. तिथं 6 हजारांहून जास्त मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी; 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तळी सरकारकडे गेली. गोंड राजांच्या आश्रयानं कोहळी समाजानं ती बांधली. नवेगावच्या तळ्याचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला असं सांगतात. डोंगरांच्या मधल्या फटी तेवढ्या बुजवल्या आणि बाकीचं काम डोंगरांवर सोपवलं. अनोळखी माणसाला ते तळं देवानंच केलं असं वाटावं. अडीच-तीनशे वर्षांत त्या पाण्यानं स्वतःचं गवत, स्वतःचे मासे, स्वतःची पाखरं जमवली. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत तिथं राहिले आणि त्यांच्या पुस्तकांतून मराठीला त्या रानाची ओळख झाली. माझ्या लेखी असं तळं नैसर्गिकच.

नवेगाव मी नुसतं पाहणार. ते राष्ट्रीय उद्यानाचं रान आहे, तिथं गळ काढायचा नाही. माझं तळं अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, एका गावाचं. नाव लिहीत नाही. तिथले मासे ढीवरांच्या, म्हणजे तिथल्या मासेमारांच्या, संस्थेचे आहेत आणि गाडीभर हौशी माणसं तिथं उतरावीत अशी माझी इच्छा नाही.

अमेरिकेत ज्या बास माशामागे लोक वेडे होतात, त्याचा आणि मरळीचा स्वभाव सारखा. गवताच्या सावलीत दबा धरून बसायचं, बेडूक दिसला की एका झेपेत घ्यायचा. मोठ्या तोंडाच्या बासचा विक्रम जॉर्ज पेरी या जॉर्जियातल्या शेतकऱ्याच्या पोराचा. 2 जून 1932 ला पाऊस इतका झाला होता की शेतात वाफसा नव्हता, नांगर धरता येईना, म्हणून तो मित्राबरोबर मॉन्टगोमेरी तळ्यावर गेला. नदीनं वळण सोडून दिल्यावर मागे राहिलेलं ते तळं. तिथं त्याला 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे 10 किलोंहून थोडा जास्त, मासा लागला. घरच्यांनी तो खाल्ला. मंदीचे दिवस होते. पुढे 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्या विक्रमाशी बरोबरी केली. मला मात्र विक्रमापेक्षा वाफसा नसलेली ती सकाळ जवळची वाटते. आमच्याकडेही ज्या दिवशी वखर चालत नाही, त्या दिवशीच गळाची आठवण होते.

पण मरळीसाठी तो मुहूर्त चालत नाही. मृग बरसला की मरळ गवत बाजूला सारून अंडी घालते आणि नर-मादी दोघंही पिल्लांची राखण करतात. तांबूस-केशरी पिल्लांचा थवा श्वास घ्यायला वर आला की पाणी तेवढ्याच जागी उकळल्यासारखं बुडबुडतं, आणि खाली आईबाप असतात. त्या वेळी प्लास्टिकचा बेडूक थव्यावरून ओढला तर मरळ हमखास येते. भुकेनं नव्हे, रागानं. तिला उचललं की दुसरे मासे काही वेळात तो थवा फस्त करतात. अशा वेळी गळ टाकणं मला पाप वाटतं, आणि हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. म्हणून आषाढ-श्रावण बाद. थंडीत ती सुस्त. उरतो फाल्गुन आणि चैत्र: पाणी उतरलेलं, ऊन तापू लागलेलं, गवतात वाटा मोकळ्या झालेल्या.

नकाशावर उपग्रहाचं चित्र मोठं करून पाहिलं. पार, म्हणजे तळ्याचा बांध, दिसते, तिच्या टोकाला जादा पाणी निघून जाण्याची सलंग दिसते, वरच्या अंगाला हिरवे पट्टे दिसतात. पाण्याखालचं त्यातून काही समजत नाही. ते समजलं फोनवर, तिथल्या एका ढीवर मावशींकडून. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकरांनी ढीवरांबरोबर या भागातल्या तळ्यांचं जे काम उभं केलं, त्याच वळणाचं काम या मावशींच्या गावातल्या बायकांनी केलं आहे. त्यांनी बेशरमाची झुडपं उपटली, उन्हाळ्यात तळ्याचा काठ नांगरला, आणि पाऊस लागताच चिखलात गाद, चिला, देवधान अशा पाणवनस्पती स्वतःच्या हातांनी लावल्या. मग गावरान मासे परत आले. मी विचारलं, “मावशी, खोल कुठं आहे?” त्या म्हणाल्या, “तुडुमापाशी गाळ भरला जी, तिथं काही नाही. देवधानाच्या कडेनं जा. तिथं आम्ही लावताना कमरेएवढ्या चिखलात होतो.” तुडूम म्हणजे तळ्याचं पाणी सोडायची मोरी.

निळोण्याचा तळ मला दुष्काळानं दाखवला. या बायकांना त्यांच्या तळ्याचा तळ रोवणी करताना पायांखाली कळला आहे.

तेव्हा बेत असा. होळीनंतरच्या आठवड्यात यवतमाळहून वणीमार्गे एसटीनं चंद्रपूर. चांदा फोर्टवरून गोंदियाची गाडी; मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा करत अर्जुनी. सामान थोडकंच: एक आखूड दणकट काठी, गवतातून मासा ओढून काढील अशी विणलेली दोरी, आणि पोटाशी गरी दडवलेले दोन प्लास्टिकचे बेडूक. मरळीनं बेडूक ओढला की लगेच झटका द्यायचा नसतो. तोंड मिटून ती वळेपर्यंत हात आवरायचा. पिल्लांचा थवा दिसला तर ती जागा सोडायची. मासा लागला तर वजन संस्थेच्या काट्यावर, पैसे संस्थेला.

पहिल्या दिवशी मात्र काठी पिशवीतच राहील. मावशींनी पारेवरून सलंगेपर्यंत फिरवून दाखवायचं कबूल केलं आहे, आणि संस्थेची बैठक त्याच संध्याकाळी आहे. परवानगी तिथं मागायची. “पाणी उतरू द्या जी, मंग या,” एवढंच त्या म्हणाल्या आहेत. म्हणून पाणी उतरल्याचा त्यांचा फोन आला की मग तिकिटं.