चेंडू रेषेबाहेर गेला तर?

आमच्या शाळेत सॉफ्टबॉल खेळतात हे ऐकून पाहुण्यांना नवल वाटते. हा खेळ १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात एका क्लबाच्या हॉलमध्ये सुरू झाला. बॉक्सिंगचा हातमोजा गुंडाळून बांधला, तोच पहिला चेंडू! चार भिंतींच्या आत चेंडू जाऊन जाणार कुठे? आमच्या मैदानाला मात्र भिंती नाहीत. एका बाजूला ज्वारी, दुसऱ्या बाजूला ओढा. म्हणून आम्ही फक्कीची रेषा मारतो. ती सामन्याआधी पंच दोन्ही कर्णधारांना दाखवतो.

चेंडू रेषेपार गेला की पंच हात वर करून ‘डेड बॉल’ म्हणतो. खेळ थांबतो. मग कोणाला किती बेस द्यायचे, हे नियमाने ठरते. पिचरचा चेंडू कॅचरच्या मागे बाहेर गेला तर रनरला एक बेस. मैदानात टप्पा पडलेला बॅटरचा योग्य फटका बाहेर गेला तर दोन. क्षेत्ररक्षक चेंडू हातात घेऊन चुकून बाहेर गेला तर एक, मुद्दाम गेला तर दोन. आणि फेकलेला चेंडू बाहेर गेला तरी दोन.

खरी मेख या फेकीतच आहे. दोन बेस मोजायचे कुठून? चेंडू फेकणाऱ्याच्या हातातून सुटला, तेव्हा रनरने शेवटचा जो बेस शिवला होता तिथून!

गेल्या महिन्यात सहावी-सातवीच्या सामन्यात मी पंच होते. माझी धाकटी बहीण सहावीकडून खेळत होती. तिचा फटका शॉर्टस्टॉपने अडवून पहिल्या बेसकडे फेकला. फेक चुकली. चेंडू घरंगळत ज्वारीकडे निघाला. हातातून सुटला तेव्हा बहीण पहिल्या बेसच्या चार पावलं अलीकडे होती. रेषेपार झाला तोवर ती पुढे निघून गेली होती. मी तिला दुसरा बेस दिला.

“अगं, तिसरा दे की तिला!” बघणारे ओरडले. मी ऐकलं नाही. पुढची मुलगी बाद झाली. सहावी एका धावेने हरली.

घरी आजी म्हणाली, “सख्ख्या बहिणीला मागं धाडलंस व्हय गं?” बहीण तर माझ्या शेजारी जेवायलाही बसली नाही.

मी आजीला सांगितलं, “ज्वारीकडची रेषा जवळ आहे, ओढ्याकडची लांब. रेषेपासून मोजलं तर फेक कोणत्या बाजूला गेली यावर बेस बदलतील. हात सुटतो तो क्षण दोन्हीकडे सारखाच. मग तिथे बहीण असो की आणखी कोणी.”

आजी काही बोलली नाही. तिने बहिणीचं ताट माझ्या ताटाशेजारी सरकवलं.

पालकांनी सामना बघायला जरूर यावे. चेंडू बाहेर गेला की सगळे चेंडूमागे बघतात. तुम्ही मात्र फेकणारीचा हात आणि पळणारीचे पाय बघा. मग तुम्हीच सांगाल, बेस कोणता ते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी