शेंडेनक्षत्र

२०२५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. दुसऱ्या ग्रहावरच्या लोकांचं यान पृथ्वीकडे येतंय, शास्त्रज्ञ लपवून ठेवताहेत, वगैरे वगैरे. मागे धडधड वाजणारं संगीत. ग्रुपवर मास्तर मी एकटाच, त्यामुळे पुतण्याच्या मुलीनं (सातवीत आहे, पुण्याला असते) लगेच मला विचारलं, "आजोबा, हे खरं आहे का?"

मी लिहिलं, "यान नाही बाळा, धूमकेतू आहे. त्याच्यामुळे कुणाचं काही वाईट होणार नाही. आणि कुणाच्या पायगुणानंही कुणाचं वाईट होत नसतं."

तिचा उलटा प्रश्न आला, "पायगुण मध्येच कुठून आला?"

प्रश्न रास्त होता. धूमकेतूचा विषय निघाला की ही दोन वाक्यं मी जोडीनंच बोलतो, १९९७ पासून. शाळेतल्या कितीतरी पोरांनी ती ऐकली असतील, पण का, असं कुणी विचारलं नव्हतं. तिला म्हटलं, सवडीनं लिहितो. तर आज ते लिहायला बसलो आहे. घरच्या मंडळींपैकी पुष्कळांना यातलं काही ठाऊक नाही, तेव्हा त्यांनी जरा धीर धरून शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

आधी त्या व्हिडिओतल्या पाहुण्याविषयी. त्याचं नाव ३आय/ॲटलस. १ जुलै २०२५ ला चिली देशातल्या एका दुर्बिणीला तो सापडला. सूर्यमालेच्या बाहेरून आलेला, आपल्याला माहीत झालेला हा तिसराच. पहिला २०१७ मधला ओमुआमुआ, दुसरा २०१९ मधला बोरिसॉव्ह. १९ डिसेंबर २०२५ ला तो पृथ्वीच्या सगळ्यांत जवळ होता. जवळ म्हणजे किती? तर सुमारे २७ कोटी किलोमीटर. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे सूर्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावरून जाणाऱ्या बिचाऱ्याला हे लोक अंगावर आणत होते! नुसत्या डोळ्यांनी तर तो दिसलाही नाही.

मी काही विज्ञानाचा शिक्षक नव्हे. मराठी माध्यमातून बी.ए. झालो आणि भूगोल शिकवत राहिलो. पण सूर्यमाला भूगोलातही येते, आणि वर्गात पोरं प्रश्न विचारताना तुमची पदवी बघत नाहीत. आयुष्यभर नऊ ग्रह शिकवले, २४ ऑगस्ट २००६ ला प्राग शहरात शास्त्रज्ञांनी मतदान करून प्लूटोला यादीतून काढलं, आणि नोकरीची शेवटची तीन वर्षं मी आठ ग्रह शिकवले. एका पोरानं विचारलंच, "गुरुजी, मग आधीच्या पोरांचे मार्क कमी होतील का?"

धूमकेतूचं शेपूट हा पोरांचा आवडता विषय. सगळ्यांना वाटतं, मोटारसायकलच्या मागे धूर राहतो तसं ते मागे राहत असेल. मी त्यांना खळ्यावर न्यायचो, म्हणजे मनातल्या मनात. उफणणी करताना माणूस टोपलं घेऊन उंच उभा राहतो. दाणे सरळ खाली पडतात आणि भूस वाऱ्यानं एका अंगाला उडतं. माणूस कोणत्या बाजूला तोंड करून उभा आहे याच्याशी भुसाला काही देणंघेणं नाही, ते वाऱ्याचं ऐकतं. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते, तिच्याबरोबर धूळ सुटते, आणि सूर्याचा प्रकाश नि सूर्याकडून वाहणारा कणांचा वारा ते सगळं सूर्यापासून दूर ढकलतो. म्हणून शेपूट नेहमी सूर्याच्या उलट दिशेला. परतीच्या वाटेवर तर शेपूट पुढे आणि धूमकेतू मागे! हे सांगितलं की पोरं खूश. शेतकऱ्यांचीच पोरं ती, भूस त्यांच्या नाकातोंडात गेलेलं असायचं.

हॅलेच्या धूमकेतूनं मात्र माझी फजिती केली. १९८६ साली वर्तमानपत्रांत इतकं छापून आलं होतं की मी मार्चमधल्या एका पहाटे चाळीसेक पोरं शाळेच्या मैदानावर जमवली. थंडीत कुडकुडत दक्षिणेला बघत बसलो. दिसला तो पुसट ठिपका, पाटीवर ओलं बोट फिरवल्यासारखा. त्याच महिन्यात, १४ मार्चला, युरोपचं जिओत्तो यान त्याच्यापासून ६०० किलोमीटरवरून गेलं आणि कळलं, की त्याचा गाभा १५ किलोमीटर लांबीचा नि कोळशासारखा काळा आहे. आता तो २०६१ मध्ये यायचा. त्यानं वाटेत सांडलेल्या धुळीचे कण मात्र दरवर्षी ऑक्टोबरात आपल्या हवेत शिरून जळतात. तारा तुटला म्हणतो ना आपण, त्यातले काही हेच.

"असलं काही आपल्या गावावर पडतं का?" हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर आमच्या सेनगावहून रिसोडमार्गे गेलं की लोणारला बघायला मिळतं. लवणासुराची कथा आपल्याकडे आहे, पण ते पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं विवर काळ्या बेसाल्ट खडकात पाडलं ते आकाशातून आलेल्या अशनीनं. नव्या मोजणीप्रमाणे साडेपाच लाख वर्षांपूर्वी. तेव्हा पडतं, पण अशी मोठी वस्तू इतक्या काळानं पडते, की त्यासाठी आज रात्रीची झोप घालवण्यात अर्थ नाही. आणि कधी कधी माणसानंच वर पाठवलेलं खाली येतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवते का? गच्चीवरून उत्तरेच्या आकाशात जळत्या रेघा सरकताना मीही पाहिल्या. तासाभरात पाच-सहा फोन आले, धूमकेतू पडला म्हणून. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरी गावात मोठं लोखंडी कडं सापडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष होते.

असो. पण या सगळ्याच्या तळाशी एक जुना प्रश्न असतो. पोरं तो विचारत नाहीत, घरचे मोठे विचारतात, तोही आवाज खाली घेऊन. "गुरुजी, ह्यानं काय होतं?"

हा प्रश्न काही आजचा नाही. शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० ला गेले. कृष्णाजी अनंत सभासदानं पुढे दहा-पंधरा वर्षांनी जिंजीला बखर लिहिली, तीत त्या दिवशीच्या अशुभ चिन्हांमध्ये धूमकेतू उगवल्याचं लिहिलं आहे. त्या काळात एक फार मोठा धूमकेतू आला होता हे खरं. न्यूटननं आपल्या ग्रंथात त्याचा मार्ग मांडला. पण तो पहिल्यांदा दिसला नोव्हेंबर १६८० मध्ये, महाराज गेल्यावर सात महिन्यांनी. जानेवारी १६८१ मध्ये संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा तो आकाशात होता. सभासदाच्या मनात हाच धूमकेतू असावा असं मला वाटतं. खोटं लिहायचं म्हणून त्यानं लिहिलं नसणार. एवढ्या मोठ्या दुःखाला आकाशातही काहीतरी झालं असलंच पाहिजे, असं माणसाला वाटतं, आणि आठवण सात महिने सहज मागे सरकवते.

आमच्या घरातही ती सरकली. पुतण्याच्या मुलीला जे सांगायचं ते आता.

१९६५ साल. मी चौदा वर्षांचा. आमचा जिल्हा तेव्हा परभणी. माझी आत्या माझ्याहून चारच वर्षांनी मोठी, त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं होतं. पहिल्या दिवाळसणाला ती नि काका आले होते. भाऊबीज झाली आणि नंतर दोन-तीन दिवसांत गावात बोलवा झाली, की पहाटे शेंडेनक्षत्र दिसतंय. कार्तिकातला काकडा चालू होता, निम्मं गाव पहाटे देवळात असायचं, त्यामुळे ते कुणाच्या नजरेतून सुटलं नाही. आम्हीही पाहिलं. आग्नेयेला, क्षितिजावर फडा उलटा उभा धरावा तसं. पुढे आयुष्यात तसं दुसरं पाहिलं नाही. त्याचं नाव इकेया-सेकी. दोन जपानी हौशी निरीक्षकांनी तो सप्टेंबरात शोधला होता. २१ ऑक्टोबरला तो सूर्याला जवळजवळ घासून गेला आणि त्याचे तुकडे झाले, पण हे मला फार पुढे वाचनात कळलं.

आत्या नि काका आपल्या गावी परतले. आठवड्याभरानं काका रात्री जागलीला रानात गेले आणि त्यांना पान लागलं. सकाळपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला आम्ही सगळे तिथे होतो. बाया आत बसलेल्या, पुरुष ओसरीवर. सहा महिन्यांत नवरा गेला, म्हणजे सून पांढऱ्या पायाची, अशी कुजबूज पहिल्या दिवसापासून होती. माझी आजी उंबऱ्यात बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "शेंडेनक्षत्र उगवलं व्हतं. साऱ्या मुलखानं पाह्यलं. त्याच दिशी झालं. त्याला कोण काय करील?" त्याच दिवशी झालं नव्हतं. पण ती तसं म्हणत होती, आणि माणसं माना डोलवत होती.

आता माझा पराक्रम ऐका. आमच्या विज्ञानाच्या सरांनी वर्गात फळ्यावर चित्र काढून धूमकेतू समजावून दिला होता. मी हुशार म्हणून गणला जायचो. ओसरीवर एवढी माणसं, आणि आजी चुकीचं बोलतेय. मी मोठ्यानं म्हणालो, "आजी, तो नुसता बर्फाचा गोळा असतो. आमचे सर म्हणाले, त्यानं कुणाचं काही होत नाही."

क्षणभर कुणी बोललं नाही. मग सासरकडचे एक म्हातारे म्हणाले, "ऐका. तुमचंच शिकलेलं लेकरू सांगून राह्यलं, ताऱ्याचा दोष नाही म्हणून. मग कुणाचा?"

आजीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ती नजर साठ वर्षांत मला नीट सांगता आलेली नाही, आजही येत नाही.

आत्याला आम्ही त्याच आठवड्यात बैलगाडीतून परत आणली. तिकडून पुन्हा बोलावणं आलं नाही. माझ्या एका वाक्यानं हे झालं असं मी म्हणत नाही, ते कदाचित तसंही झालं असतं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजी गेले, तेव्हा गावानं पुन्हा शेंडेनक्षत्राचं नाव काढलं. आता मात्र सगळ्यांना पटलं, की ते नक्षत्र वाईटच होतं. पण तोवर आत्याचा निकाल लागून गेला होता.

ती पुढे आमच्याकडेच राहिली. ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना तिनं अंगाखांद्यावर वाढवलं आहे. "आत्याआजी इथेच का राहते" असं लहानपणी तुमच्यापैकी कुणी विचारलं असेल तर मोठ्यांनी विषय बदलला असणार. मीही बदलला आहे.

१९९७ च्या मार्च-एप्रिलात हेल-बॉप आला. हॅलेचं उट्टं त्यानं भरून काढलं. दिवस मावळला की वायव्येला स्वच्छ, दोन शेपटांचा, कुणी दाखवायचीही गरज नव्हती. मी शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी गावातल्या लोकांना बोलावून चार गोष्टी सांगायचो. एका संध्याकाळी आत्याही आली, मागे बायांमध्ये बसली. एका बाईनं तोच प्रश्न विचारला, ह्यानं काय होतं? मी नेहमीच्या ठसक्यात म्हणालो, "काही होत नाही."

घरी येताना आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बापू, त्या येळेस आजी खोटं बोलली का रे?"

मी म्हणालो, "आत्या, तारा खरंच काही करत नाही."

"ते ठावं हाय मला. आजीला बी ठावं आसंल. मी आजीचं इचारते."

मला उत्तर सुचलं नाही. बत्तीस वर्षं हा विषय आमच्यात निघाला नव्हता. मी म्हणालो, "मी बोलायला नको होतं तेव्हा."

ती म्हणाली, "तू खरंच बोललास की. आर्धं बोललास. लेकरू व्हतास." आणि पुढच्या कोपऱ्यावर तिनं मला चप्पल सांभाळून टाक म्हणून सांगितलं, तिथे नालीचं पाणी आलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी पहिल्यांदा ती दोन वाक्यं जोडीनं बोललो. आत्या आली नव्हती. घरी तिला कुणीतरी जाऊन सांगितलं असावं, कारण रात्री जेवताना तिनं न विचारता माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. २०१९ च्या आषाढात ती गेली.