१९४४ची रोजनिशी

जुहूचं घर पुनर्विकासाला देण्याआधी आज माळा आवरताना आजोबांच्या रोजनिश्या हाती लागल्या. मजकूर बाळबोध, हिशेब मात्र मोडीत. कसरीनं कडा खाल्ल्यात, पण १९४४ची वही जवळपास अख्खी आहे.

१४ एप्रिल. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला तो दिवस. शेकडो माणसं गेली, हे पुस्तकात वाचलेलं. आजोबांचा धाकटा भाऊ तिथं कारकून होता, हे मात्र घरात कधी कुणी उच्चारलंही नाही. पुढच्या नोंदींत नुसत्या इस्पितळांच्या फेऱ्या. मग कोरी पानं. देवघराशेजारच्या तसबिरीतला कोवळा चेहरा कुणाचा, ते आज कळलं.

लिखाण पुन्हा सुरू होतं मे महिन्यात. आगाखान पॅलेसमधून सुटलेले गांधीजी विश्रांतीसाठी जुहूला, मोरारजी कुटुंबाच्या बंगल्यात आले होते. आजोबा आपल्या आईला प्रार्थनेला घेऊन जायचे. गांधीजींविषयी जेमतेम एखादी ओळ. बाकी सगळं आईबद्दल. ‘आज दोन घास जेवली.’ ‘आज शेजारणीशी बोलली.’ मला आठवतात ते आजोबा करड्या शिस्तीचे, नजरेनं धाक घालणारे. हा हळवा मुलगा त्यांच्यात होता, हे त्यांच्या हयातीत कळायला हवं होतं.

मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींना हिशेबाचं एक पान दाखवलं. दरमहा एक मनिऑर्डर कोकणात जात होती, म्हणाले. कुणाला, ते आत्याला विचारायचंय.