साहेबाचे ओटे

देवगड

चि. सोनूस,

विजयदुर्गाचे फोटो तू एक्झिटरला मित्रमंडळींना दाखवलेस आणि वर ‘इथेच हेलियमचा शोध लागला’ असंही ठोकून दिलंस, हे वाचून हसू आलं. तुझ्या वर्गातल्या त्या मुलानं शंका काढली, ती रास्त आहे. पण ओशाळायचं कारण नाही. इथे सगळे हेच सांगतात, दर १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. ज्या ओट्यांवर बसून तू फोटो काढलास, त्यांना गाव ‘साहेबाचे ओटे’ म्हणतं. साहेब खरा, ओटेही खरे. घोळ आहे तो सालाचा.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास ग्रहण झालं आणि चंद्राची सावली कोकणावरून पूर्वेकडे सरकत गेली. इथवर गावचं बरोबर. पण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यंत्रं मांडून बसला होता तिकडे आंध्रात, गुंटूरला. ऑगस्टातलं आपल्याकडचं आभाळ तुला माहीतच आहे. सूर्य बघायला त्या दिवसांत कोण इथे येईल? आणि आपला साहेब, म्हणजे नॉर्मन लॉकयर, तेव्हा हिंदुस्थानात नव्हताच. लंडनला युद्ध खात्यात कारकुनी करायची आणि उरल्या वेळात सूर्याचा वर्णपट तपासायचा, असा तो माणूस. त्यानं २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. ग्रहणाशिवाय त्या पाहता येतात हे जान्सेननंही गुंटूरला ओळखलं होतं, आणि दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली! त्या वर्णपटातली पिवळी रेघ सोडियमच्या रेघांना खेटून होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. हे नवंच मूलद्रव्य असावं असं लॉकयर म्हणाला, तर बऱ्याच जणांनी ते मानलं नाही. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्सेला एका खनिजातून तो वायू, म्हणजेच हेलियम, मिळाला, तेव्हा कुठे वाद मिटला.

मग साहेब आपल्याकडे आला कधी? २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर तो सर नॉर्मन झाला होता. दीड वर्षापूर्वी ग्रहणासाठी नॉर्वेपर्यंत गेला आणि ढगांनी घात केला, त्यामुळे या खेपेला जानेवारीतलं कोकण म्हणजे पर्वणीच. आरमाराची ‘मेलपोमीनी’ बोट मदतीला होती. तिच्या खलाशांना हाताशी धरून त्यानं आपल्या किल्ल्यात तळ ठोकला. कुणी कुठली दुर्बीण सांभाळायची, कुणी सूर्याचं प्रभामंडल कागदावर उतरवायचं, याच्या तालमी झाल्या. खग्रास स्थिती टिकणार जेमतेम दोन मिनिटं. त्यात कुणी बावरला की संपलं. यंत्रं तसूभर हलू नयेत म्हणून पक्की बैठक लागते, म्हणून ते ओटे या तळाचेच, असं मला वाटतं. या खेपेला आभाळानं दगा दिला नाही.

त्याच दिवशी सोलापूरकडे जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली यंत्रं लावून बसले होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे लोकही तिथेच. नायगमवालांचं नाव आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही, याची मात्र मला चुटपुट लागते. हेलियमच्या गोष्टीत आपण परक्या साहेबाला तीस वर्षं आधी आणून बसवलं आणि घरच्या माणसाला विसरलो.

या किल्ल्याला उसन्या मोठेपणाची गरज तरी काय? भोज शिलाहारापासूनचा हा किल्ला. शिवाजी महाराजांनी तो जिंकून बळकट केला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ते मुख्य ठाणं झालं. तिहेरी तटावरून चालताना तुझी दमछाक झाली होती, तोच तट. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले, तेव्हा नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते, तुळाजी आंग्र्यांच्या विरुद्ध. तोफेच्या माऱ्यात आंग्र्यांच्या एका जहाजानं पेट घेतला आणि बंदरातलं अख्खं आरमार जळालं. मराठ्यांचं आरमार मराठ्यांच्याच संमतीनं बुडालं, हे सांगायला कुणी किल्ल्यावर दिन साजरा करत नाही. सोयीच्या गोष्टी लवकर पसरतात, त्याला आपण तरी काय करणार.

आता एक काम. तुझ्या एक्झिटरहून सिडमथ जवळच आहे. तिथल्या टेकडीवर लॉकयरनं म्हातारपणी, १९१२ मध्ये, वेधशाळा उभारली. ती अजून चालू आहे आणि लोकांना बघता येते. जाऊन ये. १८९८ च्या तळाचे काही फोटो त्यांच्याकडे आहेत का, तेवढं विचार. असले तर नक्कल पाठव. इथल्या शाळेतले एक गुरुजी ओट्यांजवळ नीट माहितीची पाटी लावायच्या मागे लागले आहेत. आणि तिथे वारा फार असतो म्हणतात, स्वेटर घालून जा. आई पायरीचं लोणचं घालणार आहे, बरणी कुणाबरोबर पाठवू ते कळव.

तुझा,
मामा